नवीन फायर स्टेशनचं डिझाईन करतोय, टॉवर ठेवू की नको? (बाकी पण सुचवा)

कोनाडा | सोमवार, रात्री ११.१२
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिला धागा. मी आर्किटेक्ट, चार जणांचं छोटं ऑफिस, आणि आमच्याकडे एका मध्यम शहराच्या नव्या फायर स्टेशनचं काम आलंय. शहराचं नाव लिहीत नाही, उगाच नको. नदीकाठची जुनी पेठ, बाहेर वाढत गेलेल्या कॉलन्या आणि एका टोकाला एमआयडीसी असं गाव डोळ्यासमोर आणा. प्लॉट दीड एकराचा, पुढे १८ मीटरचा रस्ता, मागे ९ चा. मागणी अशी की ४ गाड्यांचं गॅरेज, त्याच्यावर १२ क्वार्टर्स, ऑफिस, कंट्रोल रूम आणि (इथे दीर्घ श्वास घ्या) पुढच्या रस्त्याला लागून ६ दुकानगाळे. "उत्पन्नासाठी."
कॉलेजात असताना सगळ्यांसारखाच मी पण आर्किटेक्ट झाहा हदीदबाईंचं व्हिट्रा फायर स्टेशन बघून वेडा झालो होतो, त्यामुळे पहिलं स्केच काय आलं असेल ते ओळखा, तिरक्या भिंती, टोकदार छप्पर, उघडं काँक्रीट आणि कोपऱ्यावर होज (पाण्याचे पाईप) वाळवायचा २२ मीटरचा टॉवर. मीटिंगमध्ये सगळे खूश. मग जेवताना तिथल्या एका ड्रायव्हरने सहज विचारलं, साहेब यात गाडी मागून आत येते का? आणि मी घास हातात धरून बसलो, कारण मी तो विचारच केला नव्हता.
तर इथे कुणी दलात असेल, होतं, किंवा शेजारी राहत असेल तर लिहा. टॉवर ठेवू का हा माझा मुख्य प्रश्न, पण आता वाटतंय की तो शेवटचा प्रश्न असावा.

तिरपागडा | सोमवार, रात्री ११.४०
व्हिट्राचं नाव काढलंत म्हणून. मी स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला कामानिमित्त होतो तेव्हा मुद्दाम जाऊन पाहिलंय, सीमेपलीकडेच जर्मनीत आहे. १९८१ ला त्यांच्या फर्निचर कारखान्याचा बराच भाग आगीत गेला, म्हणून कंपनीने स्वतःचा बंबखाना बांधायला घेतला आणि तो १९९३ ला पूर्ण झाला. बाईंची बांधून झालेली ही पहिली मोठी इमारत. आत उभं राहिलं की जमीन तिरकी का आपण तिरके तेच कळत नाही, भन्नाट आहे. पण आता तिथे बंब नाहीत हं. आग विझवायचं काम सार्वजनिक दलाकडे गेलं आणि तिथे प्रदर्शनं भरतात. जागा बघायला जगभरातून आर्किटेक्ट येतात, आग लागली तर मात्र गाडी दुसरीकडून येते :)

खोडसाळ | सोमवार, रात्री ११.५२
महापालिकेचं उघडं काँक्रीट म्हणजे तिसऱ्या पावसाळ्यात काळं आणि चौथ्या वर्षी त्यावर भगवा-हिरवा डिस्टेंपर. कल्पना करा आणि मग टोकं काढा.

निवृत्त_तांडेल | मंगळवार, सकाळी ६.०५
आर्किटेक्ट साहेब नमस्कार. ३१ वर्षं दलात काढली, फायरमन म्हणून लागलो आणि तांडेल (लीडिंग फायरमन) म्हणून बाहेर पडलो. टायपिंग हळू आहे, चुका सांभाळून घ्या.
तुम्ही इमारत बाहेरून काढताय, ती वर्दीपासून काढा. वर्दी म्हणजे आमच्याकडे आगीचा कॉल, बाहेरच्यांना युनिफॉर्म वाटतो म्हणून सांगितलं. वर्दी आली, घंटा झाली, इथून गाडीचं चाक फाटकाबाहेर पडेपर्यंत माणूस कुठून कुठे पळतो तेवढीच आमची इमारत. बाकी तुमचं शोभेचं.
मी ज्या स्टेशनला सगळ्यात जास्त काढली तिथे आराम खोली पहिल्या मजल्यावर, जिना इमारतीच्या मागच्या टोकाला, जिना उतरलं की ऑफिसचा व्हरांडा, त्यात कपाटं आणि जुन्या फायली, मग गॅरेजमध्ये शिरायचं ते पहिल्या गाडीच्या मागच्या बाजूने, म्हणजे ड्रायव्हरला अख्ख्या गाडीला वळसा घालून पुढे जावं लागायचं. रात्री अडीचला गाढ झोपेतून उठलेली सहा माणसं दोन फुटाच्या बोळातून एकमेकांना ढकलत. वर्षातून एकदा तरी कुणाचा ना कुणाचा गुडघा गाडीच्या पायरीवर आपटायचाच. डिझाईन करणाऱ्याने रात्री एकदा तिथे झोपून बघायला हवं होतं.
दुसरं म्हणजे रिव्हर्स. आमच्या गॅरेजला पुढूनच तोंड, त्यामुळे आग विझवून थकून परत आलो की भर रस्त्यात गाडी आडवी करायची, एकाने शिट्टी वाजवत ट्रॅफिक अडवायचं, दुसऱ्याने मागे हात दाखवायचा आणि मोटारसायकलवाले मधूनच घुसायचे. तुमच्याकडे मागे ९ मीटरचा रस्ता आहे ना, मग मागून आत पुढून बाहेर करा. त्या ड्रायव्हरने लाख मोलाचं विचारलं.
तिसरं, शटर. रोलिंग शटर लावू नका असं हात जोडून सांगतो. लाईट गेली की साखळी ओढत बसायचं. आणि अर्धवट वर गेलेलं शटर ड्रायव्हरला दिसत नाही, आमच्याकडे दोनदा गाडीवरची शिडी अडकून पत्रा फाटला. बाजूला दुमडणारी चार पानी दारं असली की ढकलली की उघडी, आणि उघडलीत का नाही ते बसल्या जागेवरून दिसतं.
बाकी संध्याकाळी लिहितो, भाजी आणायला जायचंय.

कोनाडा | मंगळवार, सकाळी ९.३०
काका, प्रिंट काढून ऑफिसात लावलंय. प्लॅनवर स्केल ठेवून मोजलं, माझ्या स्केचमध्ये बेडपासून ड्रायव्हर सीटपर्यंत ६८ मीटर आहेत आणि दोन दारं आतल्या बाजूला उघडणारी. लाज वाटली.

वाळू_सिमेंट | मंगळवार, सकाळी ११.०२
स्ट्रक्चरल वाला बोलतोय. गॅरेजच्या वर क्वार्टर्स ही मागणी जिथे तिथे असते आणि नेमका तोच घोळ आहे. विचार करा, तळमजल्याला साडेचार-पाच मीटर उंची, समोर सगळी दारं म्हणजे भिंत नाहीच, ड्राइव्ह-थ्रू केलंत की मागे पण नाही, आणि त्याच्या डोक्यावर विटांच्या भिंतींनी गच्च भरलेले तीन मजले. यालाच सॉफ्ट स्टोरी म्हणतात. २००१ च्या भुज भूकंपात अहमदाबादला, एवढ्या लांब, खाली पार्किंग असलेल्या इमारती याच कारणाने बसल्या. आणि इमारत पडायलाच पाहिजे असं नाही, कॉलम थोडे झुकले आणि दाराची चौकट वाकडी झाली तरी सगळे बंब आत अडकले, ज्या दिवशी सगळ्यात जास्त लागणार त्याच दिवशी.
आयएस १८९३ (भूकंपरोधक डिझाईनचं भारतीय मानक) मध्ये फायर स्टेशनला महत्त्वाच्या इमारतींत धरलंय, इम्पॉर्टन्स फॅक्टर १.५, म्हणजे साध्या इमारतीच्या दीडपट भूकंपबल धरून डिझाईन. कन्सल्टंट नेहमीचं १ धरून मोकळा झाला नाही ना ते बघा, मी असं एका सरकारी ड्रॉईंगवर पाहिलंय. आपल्याकडे काही होत नाही म्हणणाऱ्यांना कोयना १९६७ आणि किल्लारी १९९३ एवढंच सांगायचं.
माझं मत विचाराल तर गॅरेज एकमजली मोकळं आणि क्वार्टर्स बाजूला वेगळ्या बिल्डिंगमध्ये. दीड एकर म्हणजे ०.६ हेक्टर, केंद्राच्या नगररचना गाइडलाइन्समध्ये राहण्याच्या सोयीसह सब फायर स्टेशनला एवढीच जागा धरलीये आणि मोठ्या स्टेशनला १ हेक्टर. म्हणजे बसतं सगळं. गाळे सोडून.

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी १.१५
नदीकाठचं गाव म्हणालात म्हणून धावत आलो. प्लॉटची पूररेषा बघितली का? २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा बोटी, दोर, लाइफ जॅकेट सगळं ज्यांच्याकडून हवं होतं त्या लोकांचं स्वतःचं ठाणं कोरडं असणं किती महत्त्वाचं ते आम्ही डोळ्याने पाहिलंय. प्लिंथ उंच घ्याच, पण नुसतं प्लिंथ उंच करून उपयोग नाही, समोरचा रस्ता बुडाला तर बंब बेटावर. जनरेटर आणि वायरलेस तळघरात तर अजिबात नको. आणि बोट ठेवायला जागा लिहून घ्या, नाहीतर ती कायम अंगणात उलटी पडलेली आणि खाली कुत्री व्यालेली.

शेजारधर्म | मंगळवार, दुपारी २.४०
मी फायर स्टेशनच्या अगदी समोर राहते, १४ वर्षं. सायरनची सवय होते हो, तक्रार नाही. त्रास दुसराच आहे. आमच्या इथे पण "उत्पन्नासाठी" गाळे काढलेत, एक वडापाव, एक मोबाईल, एक ज्यूस सेंटर. संध्याकाळी सहा ते नऊ गाडीच्या तोंडासमोर बाईकची रांग, पिवळे पट्टे मारलेत त्यावरच लावतात. बंब निघाला की आधी जवान उतरून बाईक उचलून बाजूला ठेवतात, मी गॅलरीतून मोजते, एकदा सात उचलल्या.

महसूली | मंगळवार, दुपारी ३.३०
गाळ्यांना एवढं झोडपू नका. पालिकेत नोकरी केलीये, इमारत बांधायला पैसे कुठून तरी मिळतात, १५ व्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने २०२३ मध्ये अग्निशमन सेवांसाठी ५००० कोटींची योजना आणलीच होती. पण दरवर्षीचं वीजबिल, रंग, दाराचं ग्रीस याला कुणी पैसे देत नाही. भाडं आलं तर ते त्याच स्टेशनला लागेल अशी सोय ठरावात करून घ्या, आणि गाळे मागच्या रस्त्याच्या कोपऱ्याला न्या.

खोडसाळ | मंगळवार, दुपारी ३.४१
ठरावात सोय. कोटी कोटी हशा.

परदेशी_पुणेकरीण | मंगळवार, संध्याकाळी ७.२०
मी न्यू जर्सीत राहते आणि इथल्या गावच्या दलात सहा वर्षं व्हॉलंटिअर आहे (हो, बाई, हो, आत शिरते). इथे बरीच स्टेशनं पगारी माणसांशिवाय चालतात, पेजर वाजला की घरून पळायचं, त्यामुळे तुमची झोपायच्या खोलीची गणितं मला लागू नाहीत. पण परत आल्यानंतरचं सांगते, काकांनी जाण्याचं सांगितलं म्हणून.
आगीतून आलेला माणूस आणि त्याचे कपडे घाण असतात, नुसती काजळी नाही, जळलेल्या प्लास्टिकचं सगळं विष त्याच्यावर असतं. आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) २०२२ मध्ये आग विझवण्याच्या नोकरीतल्या एक्सपोजरलाच कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. डिझेलचा धूर २०१२ पासून तिथे आहेच. म्हणून नव्या स्टेशनांत आता तीन पट्टे आखतात, घाण, मधला आणि स्वच्छ. गाडी, आगीचे कोट, ते धुवायचं मशीन घाण पट्ट्यात, मग शॉवर, आणि शॉवर झाल्याशिवाय स्वयंपाकघर-झोपायची खोली नाही. कोट टांगायची खोली वेगळी, बंद दाराची, हवा बाहेर खेचणारी. आमच्या जुन्या स्टेशनात कोट गाडीच्या मागेच टांगलेले असायचे, त्यावर रोज गाडीचा धूर. आता गाडीच्या सायलेन्सरला पाईप जोडलेला असतो, तो धूर छपरातून बाहेर नेतो आणि गाडी दाराबाहेर पडली की आपोआप सुटतो. तुमच्याकडे एवढं नको असेल तर निदान गॅरेज दोन्हीकडून उघडं, वर एक्झॉस्ट फॅन, आणि धूर वरच्या क्वार्टर्समध्ये जाणार नाही एवढं बघा, तिथे लहान मुलं राहतात.
अजून एक गंमत, इथल्या काही स्टेशनांत कॉल आला की गॅसची शेगडी आपोआप बंद होते. कारण उघड आहे, आग विझवायला गेलेल्यांच्या स्वयंपाकघराला आग लागल्याच्या गोष्टी इथे चवीने सांगतात.
आणि बायकांसाठी चेंजिंग रूम पहिल्या दिवसापासून प्लॅनमध्ये. नंतर स्टोअर रूमला पडदा लावून देतात, अनुभव आहे.

निवृत्त_तांडेल | मंगळवार, रात्री ८.५५
ताई, बरोबर बोललात. आमच्या वेळी काळा कोट म्हणजे मान होता, जेवढा काळा तेवढा जुना माणूस. त्याच कोटाने घरी जायचो, पोरगी येऊन बिलगायची. तेव्हा कुणी सांगितलंच नाही.
आता राहिलेलं लिहितो. एक, मोठ्या गाडीला एअर ब्रेक असतात, रात्रभर उभी राहिली की टाकीतली हवा उतरते आणि हवा भरेपर्यंत ब्रेक सुटत नाही, ड्रायव्हर नुसता रेस करत बसतो आणि गॅरेज धुराने भरतं. प्रत्येक गाडीशेजारी हवेची लाईन आणि बॅटरी चार्जिंगचा पॉईंट द्या, खर्च काहीच नाही. दोन, गॅरेजला टाइल नको, चकचकीत तर नकोच. गाडीच्या वजनाने फुटते आणि ओल्या बुटाने माणूस आडवा. ट्रिमिक्स काँक्रीट, खरखरीत, आणि गाडीच्या खाली उताराची नाली. तीन, पाणी. जमिनीखालची टाकी मोठी पाहिजे पण वर पण टाकी द्या म्हणजे लाईट नसताना उताराने गाडी भरेल. चार, दारापुढे रस्त्यापर्यंत निदान एका गाडीच्या लांबीएवढी मोकळी जागा, म्हणजे गाडी बाहेर काढून धुता येते, तपासता येते आणि निघताना ड्रायव्हरला दोन्हीकडचा रस्ता दिसतो.
पाच, मागचं अंगण मोकळं ठेवा, त्यात लॉन आणि कारंजं करू नका. ड्रिल तिथेच होते. आणि १४ एप्रिलला परेड असते. १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं, त्यात मुंबई दलाचे ६६ जण गेले, तेव्हापासूनचा तो दिवस. त्या आठवड्यात शाळेची पोरं येतात, त्यांना होज धरू देतो. पोरांना उभं राहायला जागा पाहिजे.

शंकेखोर | मंगळवार, रात्री ९.३०
तो खांब असतो ना सरकत खाली यायचा, तो नाही का देणार? निम्मी मजा त्यातच.

तिरपागडा | मंगळवार, रात्री ९.५८
खांबाची गोष्ट मस्त आहे. १८७८, शिकागो, इंजिन कंपनी २१, सगळे कृष्णवर्णीय जवान असलेली कंपनी. तेव्हा बंब घोडे ओढायचे, त्यांच्यासाठी वर गवत रचलेलं असायचं आणि गवत चढवायला एक लांब खांब होता. एकदा वर काम चालू असताना कॉल आला आणि एक जण जिन्याच्या भानगडीत न पडता त्या खांबावरून सरकत सगळ्यांच्या आधी खाली. कॅप्टन केनयनने ते बघून कायमचा लाकडी खांब बसवला, आधी लोक हसले, मग कळलं की हीच गाडी सगळ्यांच्या आधी पोचते. पितळी खांब बोस्टनला १८८० मध्ये आला. त्या काळच्या स्टेशनांत गोल जिने असायचे ते पण घोडे वर चढू नयेत म्हणून, असं सांगतात.

परदेशी_पुणेकरीण | मंगळवार, रात्री १०.१०
आणि आता इथे बऱ्याच ठिकाणी काढून टाकतायत, घोटे मोडतात, कधी अंधारात भोकातून माणूस पडतो. शिवाय त्या भोकातून धूर थेट झोपायच्या खोलीत. त्यापेक्षा झोपायची खोली गाड्यांच्या शेजारी तळमजल्यावरच ठेवा, प्रश्नच मिटला. इथे एनएफपीए (अग्निसुरक्षेची मानकं ठरवणारी अमेरिकन संस्था) चं १७१० नावाचं स्टँडर्ड पगारी दलांसाठी आगीच्या कॉलला निघायला ८० सेकंद देतं, त्यातले वीस जिन्यावर कशाला घालवायचे.

कोनाडा | बुधवार, रात्री १२.२०
वाचून झोप उडाली आहे, चांगल्या अर्थाने. टॉवरबद्दल कुणीच बोललं नाही हे पण एक उत्तरच म्हणा. तरी विचारतो, होज वाळवायला लागतो ना?

निवृत्त_तांडेल | बुधवार, सकाळी ५.५०
लागतो आणि नाही पण. पूर्वी कॅनव्हासचा होज असायचा, ओला गुंडाळला की कुजायचा, म्हणून टॉवर. आता आरआरएल होज, आतून रबर, तो सहसा कुजत नाही, पण पाणी निथळायला टांगावाच लागतो. आमचा होज १५ मीटरचा, मधोमध दुमडून टांगला की नऊ-दहा मीटरला काम भागतं. २२ मीटर कशाला. पण टॉवर काढू नका. त्याला प्रत्येक मजल्याला खरी खिडकी द्या, खऱ्या मापाची, आतून जिना, बाहेर लोखंडी कड्या. शिडी लावणं, दोराने माणूस उतरवणं, जिन्यातून होज वर नेणं, याची प्रॅक्टिस पोरांना कुठे मिळते? आम्ही पालिकेच्या पाण्याच्या टाकीवर करायचो, वॉचमनला चहा पाजून.

वाळू_सिमेंट | बुधवार, सकाळी १०.१५
टॉवर गॅरेजला चिकटवू नका, मध्ये जॉइंट ठेवून वेगळा उभा करा. भूकंपात दोघं वेगवेगळे हलतात आणि एकमेकांवर आपटतात. बाकी अमेरिकेत कोलंबस, इंडियाना इथे रॉबर्ट व्हेंच्युरीने साठच्या दशकात केलेलं फायर स्टेशन नं. ४ बघा. साधी खोकी, पांढऱ्या विटा, मधोमध होजचा टॉवर आणि त्यावर मोठ्ठा ४. तिरकं काही नाही तरी लांबून ओळखू येतं.

कोनाडा | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४.००
अपडेट देतो. काल प्रेझेंटेशन झालं. तिरक्या भिंती गेल्या. गॅरेज एकमजली, मागून आत पुढून बाहेर, झोपायची खोली आणि वॉचरूम गाड्यांच्या डावीकडे तळमजल्यावर, उजवीकडे कोटांची खोली, वॉशिंग, शॉवर. क्वार्टर्स मागच्या कोपऱ्यात वेगळ्या, फक्त ऑफिस आणि व्यायामाची खोली पहिल्या मजल्यावर, तेही झोपायच्या खोलीच्या डोक्यावर, गॅरेजच्या नाही. बेडपासून सीटपर्यंत लांबात लांब २१ मीटर, आणि वाटेत एकच दार, तेही पळायच्या दिशेने उघडणारं. टॉवर १३ मीटरचा, सुटा, खिडक्यांसकट. प्लिंथ पूररेषेच्या वर आणि पुढचा रस्ता खोलगट आहे हे लेखी कळवलंय. गाळे ६ चे ३ झाले आणि ९ मीटर रस्त्याच्या टोकाला गेले, गाड्यांच्या वाटेपासून मध्ये भिंत घालून. यावर दोन तास गेले आणि एक जण चहा न पिता उठून गेले.
हरलो ते दारांवर. चार पानी दारं महाग म्हणून एस्टिमेटमधून उडाली, मोटरवालं रोलिंग शटरच आलंय. अजून टेंडर निघालं नाहीये, कुणाकडे काही युक्ती?

महसूली | रविवार, दुपारी ४.४५
शटरच्या देखभालीचा पाच वर्षांचा खर्च आणि जनरेटर बॅकअप त्याच तक्त्यात शेजारी मांडा. आणि दलाच्या प्रमुखांचं एक पानी पत्र जोडा की शटर अडकल्यास जबाबदारी कुणाची. जबाबदारी हा शब्द आला की फाईल परत फिरते, गॅरंटी.

निवृत्त_तांडेल | रविवार, संध्याकाळी ६.१०
चांगलं झालंय. ऑफिसकडून गॅरेजला उतरायला जिना आहे ना, त्याची पायरी किती?

कोनाडा | रविवार, संध्याकाळी ६.१४
उंची १५०, रुंदी ३०० मिलिमीटर, जिना १.८ मीटर रुंद, सरळ, वळण नाही. कठडा एका बाजूला, दुसरीकडे भिंत.

निवृत्त_तांडेल | रविवार, संध्याकाळी ६.३१
भिंतीला पण धरायला पाईप द्या. पळताना एक हात पँटची चेन लावत असतो, कुठला ते आधी सांगता येत नाही.